कॅज्युअल्टीतली सिस्टर ‘स्लो’ का पडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात दीड वर्ष मेडिकल वॉर्डात काम केलेल्या सिस्टरची बदली कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, झाली आहे. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक ड्युटी डॉक्टर आणि एक वॉर्डबॉय. त्या लिहितात, ‘सगळे म्हणतात मी स्लो आहे. हात भरभर कसा चालवायचा? डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं की आपणहून काही करायचं? आणि नातेवाईक अंगावर येतात तेव्हा काय करायचं?’

ताई, तुमचा हात स्लो असेल असं मला वाटत नाही. दीड वर्ष वॉर्डात काढलेल्या सिस्टरला सलाइन लावता येतं, इंजेक्शन भरता येतं, कॅथेटर टाकता येतो. फरक असा की वॉर्डात रुग्ण फाइल आणि औषधांचा तक्ता घेऊन येतो. कॅज्युअल्टीत तो नुसती तक्रार घेऊन येतो, कधी तीही नाही, बेशुद्धच येतो. मग वेळ जातो तो दोन गोष्टींत: वस्तू शोधण्यात आणि आधी काय करायचं ते ठरवण्यात. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन्ही ‘स्लो’च दिसतं. आणि खरं नुकसान होतं ते याहून वेगळ्या जागी, एकदा पाहून बाजूला ठेवलेल्या रुग्णाकडे दुसऱ्यांदा न पाहिल्यामुळे. म्हणून हात भरभर कसा चालवायचा हे मी सांगणार नाही, बाकीचं सांगते.

काही गोष्टी तुमच्या रुग्णालयावर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयातली कॅज्युअल्टी आणि वीस खाटांच्या नर्सिंग होमची कॅज्युअल्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक. डॉक्टर खोलीतच असतात की वरच्या मजल्यावर, सीटी स्कॅन इमारतीत आहे की बाहेर, आणि सिस्टरने डॉक्टर येण्याआधी काय करायचं याची सही केलेली लेखी सूचना आहे की नाही, यावर अर्धं उत्तर बदलतं. ती लेखी सूचना नसेल तर पहिलं काम तेच: इनचार्ज सिस्टरमार्फत कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या. त्याचं कारण पुढे येईलच.

वेग कमावला जातो तो ड्युटीच्या पहिल्या वीस मिनिटांत, रुग्ण येण्याआधी. हँडओव्हर घेतला की गप्पा सुरू होण्याआधी इमर्जन्सी ट्रॉलीला हात लावा. हात लावा म्हणजे नुसत्या रजिस्टरवर बरोबरच्या खुणा करू नका. लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाचं, ब्लेड लावून उघडा, दिवा पांढरा आणि प्रखर लागतोय का पाहा. पिवळट, थरथरता दिवा म्हणजे सेल संपत आलेत आणि ते नेमके घशात ब्लेड असताना जातील. बल्ब पिळाचा असेल तर बोटाने घट्ट करा. एंडोट्रॅकियल ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या नळ्या, ७, ७.५ आणि ८ नंबरच्या प्रत्येकी दोन तरी असाव्यात. ट्यूबच्या फुग्यात (कफमध्ये) हवा भरून तपासायची ती ट्यूब वापरायच्या वेळी, रोज पाकीट फोडून नव्हे. अँबू बॅगचं (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचं) तोंड तळहाताने बंद करून दाबा. हवा अडली पाहिजे. सहज निसटली तर व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा धुताना हरवलाय. सक्शन चालू करून नळी अंगठ्याने दाबा, काटा वर गेला पाहिजे. नाही गेला तर बहुतेक वेळा बाटलीचं झाकण नीट बसलेलं नसतं, मशीन बिघडलेलं नसतं.

ऑक्सिजनचं गणित तोंडपाठ ठेवा. ट्रॉलीबरोबर जाणारा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असताना, म्हणजे काटा १५० वर असताना, त्यात साधारण १,५०० लिटर असतात. काटा ७५ वर असेल तर ७५० लिटर उरले. मिनिटाला १० लिटरने हे ७५ मिनिटं पुरतात, रिझर्व्हॉयर मास्कला १५ लिटर लावले तर ५० मिनिटं. सीटीला जायचं, तिथे रांग, परत यायचं, लिफ्ट अडकलेली, हे सगळं मिळून तासावर जातं. म्हणून अर्ध्याच्या खाली काटा असलेला सिलिंडर रुग्णाबरोबर पाठवू नका. आणि सिलिंडर उघडायची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली असू द्या. चावी ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये, असले प्रकार तुम्हीही पाहिले असतील.

औषधांच्या ट्रॉलीत ॲड्रेनालिन आणि ॲट्रोपिन हाताला न बघता लागतील असे ठेवा. पोटॅशियम क्लोराइड मात्र त्या ट्रॉलीत नकोच. त्याचा १० मिलीचा अँप्यूल पाण्याच्या अँप्यूलसारखा दिसतो, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि ते थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. ते वेगळ्या डब्यात, लाल पट्टी लावून. घाईत माणूस नाव वाचत नाही, जागा आणि आकार ओळखतो. त्यामुळे जागाच अशी ठरवायची की चूक करायला दोन पावलं चालावं लागेल.

आता रुग्ण आत येतो तेव्हा. स्ट्रेचर दारातून खाटेपर्यंत येईतो दहा सेकंद असतात, त्या दहा सेकंदांत रजिस्टरकडे न बघता माणसाकडे बघा. बोलतोय का? पूर्ण वाक्य बोलतोय की दोन शब्दांनी दम लागतोय? रंग कसा आहे? घाम? मग मनगट धरा. हात गार आणि चिकट असेल, नाडी बारीक आणि १२०च्या वर असेल, तर बीपी मोजण्याआधीच तो लाल गटातला, म्हणजे सगळ्यांत आधी बघायचा, रुग्ण आहे. तरुण माणूस बराच रक्तस्राव होईपर्यंत बीपी टिकवून धरतो आणि मग एकदम कोसळतो. सोपा हिशेब असा: नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्याइतका किंवा जास्त झाला की धोका. नाडी ११५, बीपी ११०, हे ‘बीपी नॉर्मल’ नव्हे.

सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा म्हणजे श्वासाची गती. प्रत्येक कागदावर २० किंवा २२. तीस सेकंद घड्याळ लावून खरंच मोजा. दुप्पट करून मिनिटाचा आकडा १० च्या खाली किंवा ३० च्या वर असेल तर बाकी काही ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांना आवाज द्या. ऑक्सिजनचं प्रमाण ९५ दिसतंय पण तो मिनिटाला ३६ श्वास घेऊन ते टिकवतोय, असा रुग्ण तासाभरात थकतो. ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर, म्हणजे प्रोबवर, भरवसा ठेवताना नेलपॉलिश, गडद मेंदी आणि गार बोटं यांचाही विचार करा. लग्नसराईत कानाच्या पाळीला प्रोब लावायची सवय ठेवा.

इथे इंदूरची एक खास अडचण आहे. आपण घरी मराठी बोलतो, पण तक्रार येते ती मालवी, निमाडी, झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्यांची भिलीही. ‘घबराहट हो री है’ याचं आपण मनात ‘घाबरल्यासारखं होतंय’ असं भाषांतर करतो आणि त्याला बाकावर बसवतो. ती घबराहट कितीतरी वेळा हार्ट अटॅकची असते. ‘गॅस चढ़ गई’ हेही तसंच. मधुमेही, बायका आणि सत्तरीच्या पुढची माणसं छातीत दुखतं असं म्हणतीलच असं नाही. नुसता घाम, उलटी, जबड्यात किंवा खांद्यात ओढ, एकदम आलेला थकवा. नियम असा ठेवा की चाळिशीच्या पुढच्या माणसाने बेंबीच्या वर कुठेही अस्वस्थ वाटतं असं सांगितलं तर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून डॉक्टरांच्या हातात. कागदावर वेळ तुमच्या हाताने लिहा, कारण मशीनचं घड्याळ बहुधा चुकीचं असतं. पहिला ईसीजी नीट आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा.

त्याच रुग्णाला गल्लीतल्या डॉक्टरने किंवा शेजाऱ्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट दिलेली असते. ती दिली का, किती वाजता, किती गोळ्या, हे विचारा. तुम्ही स्वतः ती देण्याआधी बीपी मोजलेलं असू द्या. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असेल, उजवी बाजू सापडली असेल, तर त्या गोळीने बीपी ६० वर येतं. पुरुषांना गेल्या एक-दोन दिवसांत ताकदीची (व्हायाग्रासारखी) गोळी घेतली का हेही विचारावं लागतं. पत्नीसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही, तिला जरा बाजूला पाठवून विचारा.

शीर धरण्याबद्दल. वॉर्डात निळा २२ नंबरचा कॅन्युला चालतो, इथे नाही. हिरव्या १८ नंबरमधून मिनिटाला ९० मिलीच्या आसपास जातं, निळ्यातून जेमतेम पस्तीस. रक्तस्राव, शॉक, मोठा अपघात, यांत दोन्ही कोपरांत हिरवा, जमलं तर राखाडी १६. दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर तिसरा प्रयत्न दुसऱ्या हाताने, म्हणजे दुसऱ्या सिस्टरने. यात कमीपणा नाही. पीथमपूरच्या कारखान्यातून हात चिरडून आलेला कामगार असेल तर त्या हाताला कॅन्युला लावू नका, अंगठी आणि कडं मात्र लगेच काढा. सूज चढली की ती कापावी लागतात.

रक्त घेताना निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरा. कमी भरली तर रक्त गोठण्याचा अहवाल चुकतो. निळी आधी, मग लाल किंवा पिवळी, जांभळी नंतर, करडी शेवटी. जांभळ्या नळीतल्या औषधात पोटॅशियम असतं. त्यातलं थेंबभर नंतर भरायच्या नळीत गेलं तरी पोटॅशियम वाढलेलं दिसतं. बारीक सुईतून ओढून सिरिंजने जोरात नळीत ढकललेलं रक्तही फुटतं आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. मग रात्री दोन वाजता त्या खोट्या आकड्यावर उपचार सुरू होतात.

बेशुद्ध, बडबडणारा, झटके येणारा, अर्धांगाचा संशय असलेला, दारू प्यायलेला वाटणारा, या प्रत्येकाची साखर पहिल्या पाच मिनिटांत. बोट आधी पाण्याने पुसून कोरडं करा. सकाळी पोहे-जिलबी खाऊन आलेल्याच्या बोटावर पाक असतो आणि ग्लुकोमीटर ३०० दाखवतं. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीत नसेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, चांगल्या मोठ्या शिरेतून, कॅन्युला आत आहे याची खात्री करून. बाहेर गेलं तर कातडी जळते. साखर उतरवायच्या गोळ्या खाणारा माणूस डेक्स्ट्रोजने उठून बसला म्हणजे घरी जाण्याजोगा झाला असं नाही. त्या गोळ्यांचा परिणाम बारा-चोवीस तास राहतो, साखर पुन्हा उतरते. इन्सुलिन भरताना बाटली ४० ची आहे की १०० ची (एका मिलीत किती युनिट) आणि सिरिंज कोणती, हे मोठ्याने वाचा. १०० ची बाटली आणि लाल टोपीची ४० ची सिरिंज ही जोडी अडीचपट डोस देते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: आपणहून किती करायचं. खाटेचं डोकं उचलणं, तोंडातलं ओढून काढणं, कुशीवर वळवणं, वाहत्या जखमेवर दाब, ऑक्सिजन, मॉनिटर, शीर, रक्ताचे नमुने, साखर, ईसीजी आणि नाडी नसेल तर छाती दाबणं सुरू करणं, एवढ्याला कोणाची वाट बघायची नाही. डॉक्टर येऊन ‘हे सगळं झालंय का’ विचारणार, आणि झालेलं असेल तर ते थेट निदानावर जातात. तुमची खरी किंमत त्या पाच मिनिटांत असते. औषधाच्या बाबतीत मात्र ते लेखी पान लागतं: डेक्स्ट्रोज, चघळायची ॲस्पिरिन, नेब्युलायझेशन, आणि तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनालिन. शेवटचं तर हवंच हवं, कारण आपल्याकडे डायक्लोफेनॅक किंवा सेफ्ट्रायाक्सोनचं इंजेक्शन कॅज्युअल्टीतच दिलं जातं आणि पाच मिनिटांत अंगावर गांधी उठून घसा आवळतो. मोठ्या माणसाला अँप्यूलमधलं अर्धा मिली ॲड्रेनालिन, पातळ न करता, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. तेच अँप्यूल पूर्ण शिरेतून ढकलणं हे फक्त थांबलेल्या हृदयासाठी आहे. नाडी असलेल्या माणसाला ते दिलं तर चालू हृदय बंद पडू शकतं. घाईत हीच गल्लत होते.

तोंडी ऑर्डर रात्री टाळता येत नाही, तेव्हा ती परत बोलून दाखवा: औषध, मात्रा, मार्ग. ‘मिडाझोलाम दोन’ असं ऐकू आलं तर ‘मिडाझोलाम दोन मिलिग्रॅम, शिरेतून, हळू, देतेय’ असं म्हणा. दोन मिलिग्रॅम की दोन मिली, यात पाचपट फरक पडू शकतो. अँप्यूल टाकू नका, किडनी ट्रेमध्ये जमवा. धावपळ संपल्यावर नोंद लिहायला तेच साक्षीदार. आणि मिसळण्याच्या दोन-तीन गोष्टी भिंतीवर चिकटवून ठेवा: फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये ते पांढरं साकळतं, आणि मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. सेफ्ट्रायाक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका नळीतून नाही. रक्त फक्त नॉर्मल सलाइनच्या नळीतून. थंडीत मॅनिटॉलची बाटली उजेडात धरा. खडे दिसले तर कोमट पाण्यात ठेवून विरघळू द्या, पुन्हा पाहा, मग लावा.

माळव्यात जे वारंवार येतं त्यावर थोडं जास्त लिहिते, कारण नर्सिंगच्या पुस्तकात ते अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

पहिलं विष. शेतकरी घरात फवारणीचं औषध आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या, लोक ज्यांना सल्फास म्हणतात, दोन्ही असतात आणि दोन्हींची नर्सिंग उलट आहे. फवारणीच्या औषधात, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरसमध्ये, रुग्ण लाळ, घाम, जुलाब यांनी भिजलेला, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, छातीत घुरघुर. आधी तुमचे हातमोजे, नायट्राइलचे, एकावर एक दोन. मग त्याचे सगळे कपडे काढून अंग, केस, नखं साबणपाण्याने धुवा, कारण विष कातडीतूनही आत जात राहतं. ॲट्रोपिन सुरुवातीला ३ ते ५ अँप्यूल, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. ३, ६, १२, २४ असे वाढत जातात, म्हणून पहिल्या डोसलाच वॉर्डबॉयला फार्मसीत पूर्ण डबा आणायला पाठवा. नाडी १३० झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवायचं का, हे तुम्ही ठरवू नका, पण डॉक्टरांना सांगताना नाडीबरोबर छातीचा आवाज आणि काखेतला घामही सांगा. थांबायचं की नाही ते छातीवर ठरतं. दुसऱ्या दिवशी बरा वाटणाऱ्या या रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू जाऊ शकतात. हे वॉर्डाच्या हँडओव्हरमध्ये सांगायला विसरू नका.

सल्फासची गोष्ट वेगळी. रुग्ण शुद्धीत, बोलणारा, तहानलेला, बीपी मात्र लागत नाही. पाण्याने पोट धुवायला घेऊ नका, ओलाव्याशी त्या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो आणि तोच मारतो. खिडक्या उघडा, पंखे लावा, उलटीच्या भांड्यावर वाकू नका, तोंडाने श्वास देऊ नका. याला उतारा नाही. नातेवाईकांना तो बोलतोय म्हणून आशा असते, आणि काही तासांत तो जातो तेव्हा त्यांना वाटतं इंजेक्शननेच गेला. म्हणून गंभीर आहे ही कल्पना डॉक्टरांनी पहिल्या दहा मिनिटांत दिली पाहिजे आणि ती दिल्याची वेळ तुम्ही नोंदवली पाहिजे.

दुसरं साप. पावसाळ्यात निमाडकडून येणारे रुग्ण बहुधा दोर आवळूनच येतात. दोर एकदम सोडू नका. आधी दुसऱ्या हाताला शीर धरा, डॉक्टर शेजारी असू द्या, सोडल्यावर श्वास आणि पापण्यांवर नजर ठेवा. साप कोणता याची चर्चा नातेवाईकांना करू द्या, तुम्ही कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्या, वीस मिनिटं न हलवता ठेवा, एकदाच तिरपी करा. रक्त वाहिलं तर गोठत नाही, म्हणजे घोणस किंवा फुरसं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नाही, आणि साबणाने धुतलेली नाही, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही आणि विनाकारण सर्पविषावरची लस (अँटिव्हेनम) जाते. सर्पविषाची लस द्यायची ठरली तर सुरुवातीला १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वयाप्रमाणे मोजून दिलेलं नसतं. कुपी हलवून फेस काढू नका, तळहातात फिरवा. टेस्ट डोसने काही कळत नाही. शेजारी ॲड्रेनालिन भरून ठेवा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं खाटेजवळून हलू नका. मण्यारचा रुग्ण तर ओळखूच येत नाही: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, दंशाची खूण नाही, सूज नाही. पापण्या जड होतात, बोलणं बोबडं, मग लाळ गिळता येत नाही. पावसाळ्यातली पहाटेची पोटदुखी आली की पापण्या बघायच्या.

एवढं सगळं केलं तरी रात्री बिघडतं ते कुठे? कोपऱ्यातल्या खाटेवर. ए.बी. रोडवर स्कूटरवरून पडलेला, डोक्याला टाके घातलेला, ‘दारू प्यायलाय, झोपू दे’ म्हणून ठेवलेला मुलगा. दारूच्या वासामुळे कुणी त्याला उठवत नाही. डोक्याला मार असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाने उठवा, नाव विचारा, हात घट्ट धरायला सांगा, दोन्ही बाहुल्या टॉर्चने बघा, शुद्धीचे गुण तीन भागांत (डोळे, बोलणं, हालचाल) लिहा. एकूण १५ पैकी दोन गुण उतरले तर डॉक्टरांना उठवा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. घोरणं नव्याने सुरू झालं तर ती गाढ झोप नसते, जीभ मागे पडलेली असते. पोटावर मार लागून ‘ठीक आहे’ म्हणून बसवलेला, ताप आणि सुस्ती असलेला म्हातारा, दम्याचा रुग्ण ज्याची घरघर एकाएकी ऐकू येईनाशी झाली, हेही त्याच कोपऱ्यातले. घरघर थांबून तो शांत झाला असेल तर बरा झाला असं धरू नका, हवा आत जायची थांबलेली असू शकते. मी नवीन सिस्टरना मनगटावर पेनाने लिहायला सांगते: खाट क्रमांक आणि पुढच्यांदा बघायची वेळ. रजिस्टर टेबलावर राहतं, मनगट बरोबर येतं.

दोन सिस्टर असताना हृदय थांबलेला रुग्ण आला तर कोण काय करणार, हे पाळी सुरू होतानाच ठरवा. वॉर्डबॉय छाती दाबायला तयार केलेला हवा: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी बदली. बदलीला तुमच्यापैकी एक. दुसरी सिस्टर शीर आणि औषधं बघते, दर तीन ते पाच मिनिटांनी ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, मागून २० मिली सलाइन आणि रुग्णाचा हात वर. डॉक्टर श्वासाची नळी आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका द्यायचं मशीन) बघतात. वेळ लिहायला कुणी उरत नाही, म्हणून औषध देणारीने प्रत्येक वेळी वेळ मोठ्याने बोलायची आणि खाटेच्या चादरीवर मार्करने रेघ मारायची. चादर धुऊन निघते. मऊ गादीवर दाब वाया जातो, पाठीखाली फळी सरकवा. आणि बाकीच्या रुग्णांचं काय? वरच्या मजल्यावरून एक सिस्टर खाली बोलवायची, हे आधीच ठरलेलं हवं. रंगपंचमीच्या गेरीचा (रंगांच्या मिरवणुकीचा) दिवस आणि अनंत चतुर्दशीच्या झाकींची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र, या दोन दिवशी तर ती जास्तीची सिस्टर पाळीच्या सुरुवातीपासूनच मागून घ्या.

नातेवाईक. ओरडणारा माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारत असतो: कोणी बघतंय का माझ्या माणसाकडे? दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन दोन वाक्यं, त्यांच्याच बोलीत: आत्ता काय चाललंय आणि पुढे काय होणार. त्यांच्यातला एक माणूस निवडा आणि फक्त त्याच्याशी बोला. ‘डॉक्टर येतील’ असं मोघम नको, ‘डॉक्टर दुसऱ्या खाटेवर आहेत, दहा मिनिटांत येतात, तोवर मी हे करतेय’ असं सांगा, आणि दहा मिनिटांत आले नाहीत तर तुम्ही जाऊन तेही सांगा. बरं होईल की नाही हे तुम्ही बोलू नका. दारू प्यायलेला, मुठी आवळलेला, येरझारा घालणारा कोणी असेल तर भिंत आणि खाट यांच्यामध्ये सापडाल असं उभं राहू नका, दार तुमच्या बाजूला हवं, गळ्यात स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची जाड दोरी नको. हात उगारला गेला तर औषधाची ट्रॉली सोडून बाहेर या आणि सुरक्षारक्षकाला बोलवा. मध्य प्रदेशात वैद्यकीय सेवेतल्या लोकांच्या संरक्षणाचा २००८ चा कायदा आहे, तो नर्सना लागू आहे, पण तक्रार लेखी आणि त्याच पाळीत झाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सगळे समजूत घालायला लागतात.

पोलीस केस म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. तुमच्या बाजूने एवढं पाहा: चाकू किंवा गोळीच्या जखमेचे कपडे भोकातून कापू नका, बाजूने कापा, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओलं रक्त सडतं. पोटातून काढलेला पहिला नमुना डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद बाटलीत, नाव, वेळ आणि सहीसह. नोंदीत ‘नवऱ्याने मारलं’ असं तुमचं वाक्य नको, ‘रुग्णाने सांगितलं की…’ असं लिहा.

राहिली तुमची स्वतःची सुई टोचण्याची गोष्ट. घाईच्या खात्यात ती कधीतरी होतेच, आणि नवीन सिस्टर ती लपवतात कारण ओरडा मिळेल असं वाटतं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, पांढरा डबा खाटेजवळ न्या. टोचलीच तर बोट पिळू नका, चोखू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, रुग्णाच्या रक्ताचा नमुना तो निघून जायच्या आत घ्या आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाही आणि ती २८ दिवस घ्यावी लागते. कावीळ ब ची लस घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती आली का, याची रक्ततपासणी केली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या. रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी.